कोजागरीला बागेला कुलूप नको

गेल्या आश्विनात आमच्या घराजवळच्या महापालिकेच्या बागेत आम्ही भोंडला केला. सामान म्हणाल तर एक पाट, पाटावर खडूनं काढलेला हत्ती, त्याला घालायला झेंडूची छोटी माळ आणि झाकणं घट्ट लावलेले चार डबे. आजूबाजूच्या तीन सोसायट्यांमधल्या पंधरा-सोळा जणी, त्यांच्या मुली, हट्टानं आलेले दोन मुलगे आणि एक आजी. आजींना फेर धरणं जमत नव्हतं. त्या बाकावर बसून पुढची ओळ सांगत होत्या, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींना दुसऱ्या कडव्यापुढे काही आठवत नव्हतं. तिसऱ्या गाण्याला शिट्टी वाजली. रखवालदार जवळ आला आणि संकोचतच म्हणाला, "ताई, परवानगी आहे का? कार्यक्रम करायचा तर आधी अर्ज द्यावा लागतो, भाडं भरावं लागतं." त्याला सांगितलेलं काम तो करत होता, त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. आम्ही खिरापत तिथेच ओळखली, पहिला डबा त्याच्यापुढे धरला आणि उरलेली गाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधल्या जागेत म्हटली. तिथे फेर गोल होत नाही, लांबट होतो. मुलींना ते मुळीच आवडलं नाही.

दिवाळीत त्याच बागेत कमान उभी राहिली. कमानीवर सहा चेहरे, खाली 'सौजन्य' आणि त्याखाली एका बांधकाम व्यावसायिकाचं नाव. हिरवळीवर मांडव, मांडवाखाली काही शे खुर्च्या, आणि पहाटे पाचपासून दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. बुचाच्या तीन झाडांना बुंध्यापासून फांद्यांपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि त्या घसरू नयेत म्हणून खोडात खिळे मारले होते. गाणारे चांगले होते, मी स्वतः अर्धा तास उभी राहून ऐकलं. कार्यक्रमाला परवानगीही होती: अर्ज दिलेला, भाडं भरलेलं, शिक्का मारलेला. मांडव निघाल्यावर हिरवळीचा तो भाग डिसेंबर संपेपर्यंत उघडाबोडका राहिला आणि बाजूचा झोपाळा दोरीनं बांधून ठेवलेला होता. ज्या नियमानं आमचा पाट उठवला, त्याच नियमानं हा मांडव बसवला. म्हणून मला तो नियमच मुळातून तपासावासा वाटतो.

माझं म्हणणं असं. शरद ऋतूतले आपले सण सार्वजनिक बागेत झाले पाहिजेत, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त झाले पाहिजेत. पण बागेनं माणसांना दार उघडावं आणि मांडवाला बंद करावं. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. अर्ज, अनामत आणि भाडं ज्याला परवडतं त्याला बाग मिळते, आणि डबा घेऊन आलेल्या कुटुंबाला शिट्टी मिळते. 'हा कार्यक्रम आहे का?' असं नियम विचारतो. 'बागेत काय आणताय?' असं त्यानं विचारायला हवं. खांब रोवणार नसाल, स्पीकर लावणार नसाल, काही विकणार नसाल, तिकीट घेणार नसाल, कुणाचा फलक लावणार नसाल, तर अर्ज कशाला? एका ओळीत कळवलं तरी पुरे. आणि यातलं काहीही करायचं असेल तर त्यासाठी मैदानं आहेत, नाट्यगृहं आहेत, शाळांची पटांगणं आहेत.

शरदातच हा प्रश्न एवढा टोकदार का होतो, हे बागेत रोज जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. चार महिने चिखल, शेवाळ आणि डास यांनी व्यापलेली बाग आश्विनात पुन्हा माणसांच्या हाती येते. बुचाची फुलं पहाटे खाली पडलेली असतात. लांब दांडीची ती पांढरी फुलं एकीत एक गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करता येते, आणि ही वेणी करता येणाऱ्या मुली दर वर्षी कमी होत चालल्या आहेत. सातवीण रात्री इतकी घमघमते की काहींचं डोकं दुखतं. प्राजक्ताचा सडा असतो. हिवाळी पाहुणे असलेले परीट पक्षी हिरवळीवर शेपटी हलवत फिरायला लागतात. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी हे सगळं साधारण पाच आठवड्यांत येतं, आणि याच दिवसांत हिरवळीला सगळ्यात जास्त खुर्च्या सोसाव्या लागतात. पावसात वाढलेलं गवत मुळं घट्ट करत असतं तेव्हा त्याच्यावर चार-चार दिवस गालिचे अंथरले जातात. माळ्यांना विचारा. ते सांगतात की तुडवलेलं गवत परत उभं राहतं, झाकलेलं मरतं.

पुण्याला हे सगळं नवीन नाही. सारसबागेचंच पाहा. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं, तळ्यात बेट ठेवलं, बेटावर बाग केली. त्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपती बसवला. तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. पुढे तळं आटवलं गेलं आणि विसाव्या शतकात महापालिकेनं तिथे आजचं उद्यान केलं, पण लोकांच्या तोंडी तो अजून 'तळ्यातला गणपती'च आहे. दिवाळीत पाडव्याच्या पहाटे लोक इथे येतात. नवे कपडे, हातात पणत्या, बरोबर म्हातारे आईवडील आणि पेंगुळलेली मुलं. कुणी पत्रिका पाठवलेली नसते. पहाटेच्या अंधारात देवळाभोवती आणि हिरवळीच्या कडेनं पणत्या लागत जातात. त्या पहाटेला स्पीकरची गरज कधीच नव्हती. बागेतला सण कसा असावा हे मला कुणी विचारलं तर मी त्यांना याच पहाटेला घेऊन जाईन, आणि शक्य तितक्या लवकर, उजाडायच्या आत.

पहाटेच्या स्पीकरबद्दल कायदा काय म्हणतो, तेही इथेच सांगते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला सूट देता येते, पण ती रात्री १० ते १२ या दोन तासांपुरती. पहाटे ५ ची सूट या नियमांत कुठेच नाही. म्हणजे बागेत पहाटे पाचला सुरू होणारा स्पीकरचा कार्यक्रम त्यावर कोणताही शिक्का असला तरी नियमात बसत नाही. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तंबोरा, पेटी, तबला आणि गळा एवढ्यावर सकाळी सहानंतर झालेली मैफल या नियमांशी भांडत बसत नाही. तशी मैफल बागेत झाली तर मी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसेन. भैरव किंवा ललत झाडाखाली, यंत्राशिवाय ऐकण्यात काय असतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना पटवावं लागणार नाही.

आता कोजागरी. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

आपल्याकडे वर्षातून एक रात्र अशी आहे की जिचा सगळा अर्थ उघड्यावर जागं राहण्यात आहे. 'को जागर्ति', कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी घातलेलं आटीव दूध चंद्राला दाखवायचं, दुधात चंद्र पाहायचा आणि मग प्यायचं. वाड्यांना अंगणं होती, गच्च्या होत्या, तेव्हा हे सोपं होतं. आता गच्चीला कुलूप असतं, गच्चीवर मोबाइलचा टॉवर किंवा सौरपट्ट्या असतात, आणि शेजारची इमारत आपल्यापेक्षा सहा मजले उंच असते. मग पार्किंगच्या पत्र्याखाली दूध पिऊन कोजागरी होते. उघडं आकाश, झाडं आणि बसायला गवत, तिन्ही एकत्र असलेली जागा शहरात एकच उरली आहे: महापालिकेची बाग. आणि पुण्यातल्या बहुतेक बागा रात्री साधारण आठच्या सुमारास शिट्ट्या वाजवून रिकाम्या केल्या जातात.

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. आठ वाजता तो आकाशात किती वर आलेला असतो? हात लांब करून एकावर एक तीन मुठी ठेवल्या तर साधारण तेवढा. भोवती इमारती आणि झाडं असलेल्या बागेत तो तोवर नीट दिसतसुद्धा नाही. नऊ-साडेनऊला तो झाडांच्या शेंड्यांवर येतो आणि मध्यरात्री डोक्यावर. म्हणजे ज्या चंद्रासाठी हा सण आहे तो वर येण्याआधीच आपण फाटक लावतो.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवा. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणून २००६ मध्ये ते झालं. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर आखलेली आहे. ते मूळ उद्यान इकेदा त्सुनामासा या सरदारानं करवलं. १७०० च्या सुमारास पुरं झालं आणि १८८४ मध्ये ते सर्वसामान्य लोकांसाठी खुलं झालं. सरदाराच्या खासगी बागेत लोक यायला लागले. जपानमध्ये शरदातल्या पौर्णिमेचा चंद्र पाहण्याची जुनी रीत आहे आणि कोराकुएनमध्ये त्यासाठी चंद्रदर्शनाची रात्र ठेवतात, बाग अंधार पडल्यावरही उघडी राहते. त्यांची ही पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपदात येते, कधीकधी आश्विनात. २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आल्या, ६ ऑक्टोबरला. एकाच रात्री, एकाच चंद्राखाली, त्या बागेची रीत दार उघडं ठेवण्याची आणि तिच्या धाकट्या बहिणीची कुलूप लावण्याची. आपण तिची वळणदार वाट घेतली, तळं घेतलं, दगड मांडायची पद्धत घेतली. बाग रात्री लोकांना देण्याची तिची सवयही घेण्यासारखी होती, आणि ती परकीही नव्हती, कारण आपली कोजागरी हेच सांगत आली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो सुरक्षिततेचा, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. रात्री बाग उघडी ठेवली तर दारू पिणारे येतील, मुलींना त्रास होईल, असं म्हणणारे लोक काही बागांचे शत्रू नाहीत. त्यांनी तसे प्रसंग पाहिलेत. पण एखादी जागा रात्री कशानं धोक्याची होते? ती रिकामी असते म्हणून. त्या रात्री बागेत पन्नास कुटुंबं सतरंज्या टाकून बसली असतील, म्हाताऱ्या, तान्ही बाळं, पत्ते खेळणारी मुलं असतील, तर बाग वर्षभरातल्या कुठल्याही रात्रीपेक्षा जास्त सुरक्षित असेल. दोन जादा रखवालदार लागतील, त्यांना जादा पैसे द्यावे लागतील, ते जरूर द्यावेत. तळ्याच्या काठाला दोर लावावा लागेल. वाटांवरचे दिवे चालू ठेवावेत आणि हिरवळीवरचा मोठा झोत तेवढा मालवावा, नाहीतर चांदणं दिसणारच नाही. ज्या बायका रात्री नऊनंतर रस्त्यावरून चालताना पावलं झपझप उचलतात, त्यांना वर्षातून एकदा गवतावर पाय पसरून, काही न करता बसता आलं पाहिजे. भोंडल्याचं मूळही याच गरजेत आहे असं मला वाटतं. सासरी गेलेल्या किंवा जाणार असलेल्या मुलींना घराबाहेर, एकमेकींच्या सोबतीनं, मोठ्यांदा गायला मिळायचं. त्या गाण्यांतल्या सासूवरच्या तक्रारी घरात म्हणता येण्यासारख्या नव्हत्या.

आमच्या त्या अर्ध्यावर राहिलेल्या भोंडल्यात एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. शेजारच्या सोसायटीत भाड्यानं राहणारी, अकोल्याहून आलेली एक मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. तिला फेरात ओढलं तर म्हणाली, "आमच्याकडे हे नसतं, आमच्याकडे भुलाबाई असते." मग तिनं सांगितलं. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेला भुलोबा-भुलाबाईच्या मूर्ती बसतात, म्हणजे शंकर-पार्वतीच. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात, आणि कोजागरीला भुलाबाईची पाठवणी होते. आमच्या हत्तीच्या पाटाभोवती तिनं तिचं एक गाणं म्हटलं. चाल वेगळी, बोली वऱ्हाडी, पण खाऊचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायची रीत अगदी तीच. पुण्यात अर्ध्या महाराष्ट्रातून माणसं येऊन राहिली आहेत आणि ती एकमेकांना लिफ्टमध्येच भेटतात. अशा बंद दारांच्या इमारतींमध्ये कोण कुठली गाणी घेऊन आलंय हे कळणार कसं? बागेत ते दहा मिनिटांत कळलं. मांडवातल्या खुर्च्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात. तिथे शेजारी कुठून आलाय हे विचारायला सवड नसते.

महापालिकेला हे जमत नाही असंही नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या छत्रपती संभाजी महाराज उद्यानात उद्यान विभाग दिवाळीत किल्ले बांधणीची स्पर्धा भरवतो, कितीतरी वर्षांपासून. मुलं गटानं येतात. माती, दगड, विटा, पोती, वर हिरवळ उगवण्यासाठी पेरलेले अळीव किंवा मोहरी. बुरूज ढासळतो, पुन्हा उभा राहतो. बाबा मध्येच 'तटाला उतार दे' म्हणून सांगतात आणि मुलं त्यांना बाजूला करतात. मग मातीचे मावळे चढतात आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. दिवाळीत घरोघरीची माणसं हे किल्ले पाहायला येतात. सोसायटीच्या आवारात माती आणायला बंदी आहे, पायऱ्यांजवळ चिखल झाला की नोटीस लागते. अशा शहरात मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याला सार्वजनिक बागेनं जागा दिली, याबद्दल मला उद्यान विभागाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. पाहा ना, काय काय आहे यात: मुलांचे हात, माती, थोडं पाणी, आणि बागेची चार फूट जमीन. दिवाळी सरली की माती मातीत जाते. हे एका बागेपुरतं का राहावं? प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एका बागेचा एक कोपरा दिवाळीचे पंधरा दिवस मुलांना द्या. बक्षीस नसलं तरी चालेल.

दसऱ्यालाही बागेकडे काही देण्यासारखं आहे, आणि आज ती फक्त गमावते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. बाजारात सोनं म्हणून जे विकतात त्यात कांचनाची पानं भरपूर असतात. दोन्ही पानं मध्ये दुभंगलेली, म्हणून गफलत होते, पण आपट्याचं पान लहान, जाड आणि खरखरीत असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या बागेतल्या माळीकाकांनी शिकवलं, तेही मी स्वतःहून विचारल्यावर. बावीस वर्षं ते तिथे काम करतात. कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्या ढोलीत पोपट आहेत, कुठल्या फांदीला कीड आहे, सगळं त्यांना ठाऊक. बागेत इतके कार्यक्रम झाले, एकातही त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. मांडव निघाल्यावर खड्डे बुजवायला मात्र तेच असतात. दसऱ्याच्या सकाळी बागेतल्या आपट्याखाली माळीकाका उभे राहिले, प्रत्येक मुलाला एकच पान दिलं, झाड दाखवलं, कांचन शेजारी दाखवला, आणि ज्याला हवं त्याला आपट्याचं रोप दिलं, तर तो बागेतला दसरा होईल. त्याला पन्नास रोपं आणि एक माणूस लागतो. तो माणूस आधीच पगारावर आहे, पण सणाच्या दिवसाचा जादा मोबदला त्याला मिळायला हवा. आणि तो कंत्राटी असेल, बहुतेक ठिकाणी तसाच असतो, तर आधी मिळायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बाग सगळ्यांच्या करातून चालते, मग तिथे एका धर्माचे सण कशाला? या प्रश्नापासून पळ काढणाऱ्यांपैकी मी नाही. माझं उत्तर असं आहे की महापालिकेनं कोणाचाच सण भरवू नये, सगळ्यांना सारखं दार उघडावं. ईदेच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचे डबे घेऊन बागेत येणारं कुटुंब, नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन आलेले आजी-आजोबा, विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तनाची आठवण ठेवून पांढऱ्या कपड्यांत एकत्र बसणारी मंडळी, आणि आमचा हत्तीचा पाट, या सगळ्यांना नियम एकच हवा: खांब नको, स्पीकर नको, विक्री नको, फलक नको, आणि दुसऱ्याची वाट अडवायची नाही. असा नियम कुणाचा देव विचारत नाही. आजचा नियम मात्र ज्याच्यामागे मंडळ आहे, ओळख आहे, पैसा आहे त्याला झुकतं माप देतो, आणि त्यामुळे ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांना बाग परकी वाटायला लागते. हिंदू घरातल्या आम्हा बायकांनाही त्या दिवशी ती परकीच वाटली.

आणि ज्यांना मांडवातली दिवाळी पहाट मनापासून आवडते त्यांचं काय? माझ्या ओळखीत असे पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना तिकीट काढून मैफलीला जाणं परवडत नाही आणि वर्षातली ही एक फुकट मैफल त्यांना हवी असते. त्यांचं हे सुख काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. ही मैफल शाळेच्या पटांगणात होऊ शकते, महापालिकेच्याच नाट्यगृहात होऊ शकते, आणि तिथे त्यांना बसायला चांगली खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह मिळेल, जे बागेतल्या मांडवात सहसा नसतं. गाणं हलवता येतं. चाळीस वर्षांचं झाड आणि त्याच्या ढोलीतली पिल्लं हलवता येत नाहीत. झाडावर रात्रभर दिवे पेटत राहिले तर त्यावर रातवस्तीला असलेल्या पाखरांना झोप नाही, आणि खिळा मारलेल्या जागेतून झाडाला कीड लागते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. तो सणाच्या दिवशीही लागू असतो.

'भाड्यातून महापालिकेला उत्पन्न मिळतं' असं सांगितलं जातं. मग हिशोब मांडा. प्रत्येक बागेच्या फाटकावर वेळापत्रकाची पाटी आहे, तिच्याखाली दुसरी पाटी लावा: या वर्षी बाग किती दिवस भाड्यानं दिली, किती पैसे आले, आणि हिरवळ, नळ, बाकं, दिवे दुरुस्त करायला किती गेले. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येऊ दे. भाड्याचे पैसे खर्चापेक्षा खरंच जास्त निघाले तरी माझं मत बदलणार नाही, कारण मुलांचा झोपाळा आठवडाभर बंद राहिल्याचा आकडा त्या पाटीवर लिहिता येणार नाही. पण निदान बोलणं तरी खऱ्या आकड्यांवर होईल.

कचऱ्याचा आक्षेप मला मान्य आहे. कोजागरीनंतर कागदी पेल्यांचा ढीग पडतो. म्हणून पेले घरचेच आणायचे, स्टीलचे, आणि आणलेलं सगळं परत न्यायचं. दूध घरून आटवून आणायचं, बागेत शेगडी पेटवायची नाही. या दोन गोष्टी फाटकावर लिहून ठेवल्या आणि पहिल्या वर्षी उभं राहून सांगितल्या तर लोक ऐकतात. गडावर जाणारी माणसं प्लॅस्टिक परत आणायला शिकली आहेत, इथेही शिकतील.

यंदा अधिक महिन्यामुळे कोजागरी उशिरा आहे, २५ ऑक्टोबरला, आणि तो रविवार आहे. तोवर पाऊस बहुधा गेलेला असेल, गवत कोरडं असेल. आमच्या तीन सोसायट्यांनी मिळून बागेसाठी अर्ज लिहिला आहे: त्या एका रात्री फाटक साडेअकरापर्यंत उघडं ठेवावं, हिरवळीवरचा मोठा दिवा मालवावा, आणि आठवडाभर संध्याकाळी भोंडल्याला शिट्टी वाजवू नये. अकोल्याच्या मुलीनं भुलाबाईची गाणी एका वहीत लिहून ठेवली आहेत, आजींनी भोंडल्याची. अर्जाच्या ठरीव नमुन्यात मांडवाचं क्षेत्रफळ विचारलंय, तिथे 'नाही' लिहिलं. स्पीकरची संख्या, 'नाही'. प्रायोजक, 'नाही'. सामानाची यादी मागितली होती, ती जोडली: पाट एक, खडू दोन, सतरंज्या आठ, दुधाच्या किटल्या तीन, पेले ज्याचे त्याचे, कचऱ्यासाठी पोती दोन. भाड्याचा रकाना रिकामा ठेवला आहे.